ऊस, ठेव आणि खुर्ची : सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याची वार्षिक सभा झाली, एखाद्या बँकेवर निर्बंध आले किंवा गावातली स्कीम बुडाली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान केलंय. हा वकिली सल्ला नव्हे. कुठला कागद कुणाकडे मागायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

कारखाना सभासदांचा आहे. मग सभासदांना फसवणार कोण?

सहकारात मालक हजारोंनी असतात आणि सह्या करणारे मोजके. कारखान्याचा चेअरमन जिल्हा बँकेवर संचालक असतो. तोच आमदार असतो, नाहीतर आमदाराचा व्याही. मळी (साखर काढल्यावर उरणारा काकवीसारखा पदार्थ) उचलणारी फर्म मेव्हण्याच्या नावावर असते, वाहतुकीचं कंत्राट पुतण्याकडे. यातलं एकेक वेगळं पाहिलं तर बेकायदा काहीच नसतं. अडचण सगळं एकत्र आलं की होते. कर्ज मागणारा, ते मंजूर करणारा आणि दोघांवर लक्ष ठेवायची जबाबदारी असलेला, असे तिघेही एकाच घरातले निघतात. या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या तळाशी हीच गोष्ट सापडेल.

एक मात्र खरं. वेळेवर बिल देणारे, हिशेब मांडणारे कारखाने आपल्याकडे आहेत आणि कृष्णाकाठची शेती त्यांच्यामुळेच उभी राहिली. 'सगळे चोर' म्हणणं सोपं असतं, पण खऱ्या चोराला त्या गर्दीत छान लपता येतं.

14 दिवसांत उसाचं बिल मिळायला हवं म्हणतात. कायद्यात आहे की नुसतं भाषणात?

कायद्यातच आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेल्या 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज. व्याज आपोआप मिळालेला शेतकरी शोधावा लागेल, पण तो हक्क आहे. बिल उशिरा आलं तर मागणीअर्जात मुद्दलाबरोबर व्याजाची ओळही लिहा. न लिहिलेली गोष्ट कुणी आपणहून देत नाही.

एफआरपीचा हिशेब कसा करायचा? पट्टीवरचा आकडा आणि पेपरातला आकडा जुळत नाही.

जुळणारच नाही, कारण पेपरातला आकडा पायाभूत उताऱ्याचा (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) असतो आणि तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीचा.

2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवले. त्यापुढे उताऱ्याच्या दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढतात. उतारा साडेनऊ किंवा त्याखाली असला तरी 329 रुपये 5 पैशांच्या खाली जाता येत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा तुमच्या कारखान्याचा उतारा 12.25 आहे. पायाभूत उताऱ्यापेक्षा 2 टक्के जास्त, म्हणजे 0.1 चे 20 टप्पे. 20 गुणिले 3.46 म्हणजे 69 रुपये 20 पैसे. 355 मध्ये मिळवले की क्विंटलला 424 रुपये 20 पैसे, टनाला 4,242. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला 900 धरली तर हातात 3,342 यायला हवेत.

खरी मेख दोन आकड्यांत आहे, उतारा आणि तोडणी-वाहतूक. उतारा अर्ध्या टक्क्याने कमी दिसला तर टनामागे 173 रुपये गेले. एकरी 50 टनांचा ऊस असेल तर एकरामागे साडेआठ हजारांच्या वर. आणि तोडणी-वाहतूक ही सगळ्या कारखान्याची सरासरी असते. लांबून, पार दुसऱ्या तालुक्यातून आणलेल्या उसाचं भाडं कारखान्याच्या धुराड्याखाली शेत असलेल्या माणसाच्या बिलातूनही जातं. लांबचा ऊस का आणला, वाहतूकदार कोण, दर कुणी ठरवला, हे सभेत विचारायचे प्रश्न आहेत. ते विचारले की मंचावरच्या लोकांच्या चेहऱ्याकडे बघावं.

इथेनॉलमुळे आणखी एक गुंता आहे. रस किंवा बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) इथेनॉलकडे वळवली की साखर कमी निघते आणि कागदावर उतारा पडतो. वळवलेल्या साखरेचा हिशेब उताऱ्यात परत धरायचा असतो. तुमच्या कारखान्याने तो धरलाय का, याचं लेखी उत्तर मागा.

एकरकमी की हप्त्याने? त्याचं शेवटी काय झालं?

राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये शासन निर्णय काढून दोन टप्प्यांची वाट करून दिली. आधी ठरावीक उताऱ्यावर पहिली उचल, मग हंगाम संपल्यावर त्याच हंगामाचा खरा उतारा काढून उरलेली रक्कम. ऐकायला वाजवी वाटतं. प्रत्यक्षात शेतकऱ्याचे पैसे काही महिने बिनव्याजी वापरायला मिळाले. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मागच्या हंगामाचा उतारा धरायचा आणि पैसे एकरकमी द्यायचे. केंद्राच्या आदेशाला राज्याने कात्री लावायची नाही, असा त्याचा अर्थ.

ज्या मंत्रिमंडळाने निर्णय काढला आणि ज्या कारखान्यांना तो सोयीचा होता, त्यांच्यात नाती किती होती, हे सांगली-साताऱ्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

काटा मारतात हे ओळखायचं कसं?

भरलेली गाडी काट्यावर जाते, वजन नोंदलं जातं. गव्हाणीत खाली करून परत येताना रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा ऊस. टनाला 50 किलो कमी लागले तर उघड्या डोळ्यांना काय दिसणार? पण 18 टनांच्या खेपेला 900 किलो गेले. 3,300 च्या दराने एका खेपेला 2,970 रुपये. कारखाना दिवसाला हजारो टन गाळतो.

हा माल कागदावर कुठेच नसतो. बिनहिशेबी उसाची साखरही बिनहिशेबी. म्हणून काटामारी म्हणजे नुसती शेतकऱ्याची चोरी नव्हे. तिथे करही बुडतो आणि निवडणुकीला लागणारी रोकडही तयार होते. सिद्ध करणं अवघड, कारण भरारी पथक येणार हे कारखान्याला बऱ्याचदा आधीच कळलेलं असतं.

उपाय एकच. अधूनमधून बाहेरच्या प्रमाणित वजनकाट्यावर गाडी भरून आणि रिकामी, दोन्ही वेळा तोलून घ्या. पावत्या जपा. बाहेर तोललेला ऊस नाकारायचा नाही, असं साखर आयुक्तालयाने कारखान्यांना बजावलेलं आहे. एकट्याने केलं तर चिटबॉय (कारखान्याचा तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) ओळख ठेवतो. दहा-पंधरा जणांनी त्याच आठवड्यात केलं तर काटा आपोआप सरळ होतो असा अनुभव आहे. फरक निघाला तर वैधमापन शास्त्र विभागाकडे लेखी तक्रार.

बिल थकलं तर आरआरसीने पैसे मिळतात का?

पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजेच आरआरसी, काढतात. मग जिल्हाधिकाऱ्याने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करायची. साखर, मळी, गरज पडली तर मालमत्ता जप्त करून विकायची. कागदावर हत्यार जबरदस्त आहे.

गोची अशी की गोदामातली साखर बँकेकडे आधीच तारण असते. तिच्यावर हक्क कुणाचा आधी यावर वाद सुरू होतो. दुसरं, जप्तीची नोटीस घेऊन जाणारा तहसीलदार आणि ज्यांच्या गेटावर तो जातो ते पालकमंत्र्यांच्या बैठकीत शेजारी बसतात. आरआरसी निघाली की पेपरात मथळा येतो, कारखाना थोडे पैसे सोडतो, पुन्हा शांतता. तरीही ती निघायला हवी. सरकारी कागदावर थकबाकीचा आकडा मान्य झाला की पुढे न्यायालयात तोच आकडा कामाला येतो.

सरकार कारखानदारांना इतकं सांभाळून का घेतं?

सरकारमधले बरेच जण स्वतः कारखानदार आहेत म्हणून. पण हे सांभाळणं नेमकं कोणत्या मार्गांनी होतं, ते बघणं जास्त उपयोगाचं.

हंगाम कधी सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. साखर कारखाना असलेला माणूस त्या समितीत बसू नये असा नियम नाही.

हवाई अंतराची अट बघा. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांत 15 किलोमीटर अंतर लागतं, महाराष्ट्राने ते 25 केलं. जुन्या कारखान्याला ऊस पुरावा, हे कारण खोटं नाही. पण शेजारी दुसरा गिऱ्हाईक उभा राहू द्यायचा नाही, हा त्याचा दुसरा परिणाम. स्पर्धा हवी की नको हे ज्याला स्पर्धा नको तोच ठरवतो.

थकहमीचं तर विचारूच नका. कारखान्याला बँक दारात उभी करेना की राज्य सरकार हमी देतं, 'हे फेडणार नाहीत तर आम्ही फेडू.' राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्जही सरकारच्या हमीवर मिळतं. हमी कुणाला मिळते आणि कुणाची फाईल टेबलावर पडून राहते, हे ताळेबंदापेक्षा चेअरमन कुठल्या बाजूच्या बाकावर बसलाय यावरून जास्त ओळखता येतं. पक्षांतराच्या बातमीनंतर काही महिन्यांनी थकहमीची बातमी येते, हा क्रम आपल्याकडे लोकांच्या सवयीचा झालाय.

दिल्लीचंही तसंच. साखरेचा किमान विक्रीदर 2018 मध्ये किलोला 29 रुपये होता, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. निर्यात किती, इथेनॉलला किती, तेही दिल्लीच ठरवते. 7 डिसेंबर 2023 रोजी ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली आणि कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांची झोप उडाली. 2023 च्या अर्थसंकल्पात सहकारी कारखान्यांना शेतकऱ्यांना दिलेल्या जादा दरावरच्या जुन्या आयकरातून सुमारे 10,000 कोटींचा दिलासा मिळाला. दिलासा योग्यच होता, तो कर मुळात लावायलाच नको होता असं माझं मत. पण जो धंदा इतक्या बाजूंनी सरकारी सहीवर चालतो, त्यातल्या माणसाला सरकारात असणं परवडतं. नसणं परवडत नाही.

सहकारी कारखाना खासगी कसा होतो? सभासदांना विचारत नाहीत का?

विचारायची वेळ येईपर्यंत कारखाना सभासदांचा राहिलेला नसतो. क्रम साधारण असा. कर्ज वाढतं, हप्ते थकतात, बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेते आणि लिलाव करते. लिलावात बोली लावणारे मोजकेच, आणि विकणारी बँक ज्यांच्या ताब्यात त्यांच्याच ओळखीचे निघाले तर?

कोरेगाव तालुक्यातल्या चिमणगावचा जरंडेश्वर कारखाना हे साताऱ्याचं उदाहरण. राज्य सहकारी बँकेने 2010 मध्ये तो लिलावात 65 कोटी 75 लाखांना विकला. एका कंपनीने घेतला आणि लगेच दुसऱ्या कंपनीला चालवायला दिला. ईडीने जुलै 2021 मध्ये या मालमत्तेवर तात्पुरती जप्ती आणली. ईडीचं म्हणणं असं, की विक्री कमी किमतीत आणि प्रक्रिया डावलून झाली, आणि नंतर याच मालमत्तेच्या जोरावर पुणे जिल्हा बँक आणि इतरांकडून सुमारे 700 कोटींची कर्जं उचलली गेली. कारखान्याच्या संस्थापक शालिनीताई पाटील यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं न्यायालयात भांडण चालवलं. राज्य बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने 2011 मध्येच बरखास्त केलं होतं.

आता दुसरी बाजू. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2019 मध्ये राज्य बँक प्रकरणात गुन्हा दाखल झाला, पण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, एकदा 2020 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये. मधल्या काळात सरकारं बदलली, कोण कुणाबरोबर हेही बदललं, आणि तपासाचा वेगही बदलला. सभासदांच्या शेअरच्या पावत्या मात्र त्याच ट्रंकेत आहेत.

ईडीने जप्ती आणली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला ना?

नाही. तात्पुरती जप्ती ही तपासातली पायरी आहे. आणि जप्ती उठली म्हणजे माणूस निर्दोष ठरला, असंही नाही. दोन्ही वेळा फटाके उडवणारे आपल्याकडे सारखेच उतावळे असतात.

हर्षद मेहताच्या 1992 च्या शेअर घोटाळ्यात कराडचं नाव कसं आलं?

बँक ऑफ कराडमुळे. नव्या पिढीला हे माहीतच नसतं.

तेव्हा बँका एकमेकांशी सरकारी रोख्यांचे व्यवहार करत. प्रत्येक वेळी रोखे प्रत्यक्ष हलवायचे नसत. विकणारी बँक 'तुमचे रोखे आमच्याकडे आहेत' अशी बँक रिसीट द्यायची, बोलीभाषेत बीआर. घेणारी बँक त्या कागदावर कोट्यवधी मोजायची. मध्ये दलाल. दलालांच्या लक्षात आलं, की रोखे नसताना बीआर देणारी बँक सापडली तर हवेतून पैसा उभा करता येतो. मोठ्या बँकांत हे जमणं कठीण, म्हणून लहान बँका धरल्या. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या त्या दोन. बँक ऑफ कराडकडून तिच्या ऐपतीच्या कैक पट रकमेच्या, मागे रोखेच नसलेल्या बीआर दिल्या गेल्या. तो पैसा शेअर बाजारात गेला. 23 एप्रिल 1992 ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली, पुढे रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने व्यवहार उकलले.

या सगळ्यात कराडच्या ठेवीदाराने काय केलं होतं? काहीच नाही. त्याने आपल्या गावच्या नावाची बँक म्हणून पैसे ठेवले होते. घोटाळा मुंबईत दलाल आणि चार अधिकाऱ्यांच्या संगनमताने झाला. बँक 1992 मध्ये अवसायनात गेली आणि 1994 मध्ये बँक ऑफ इंडियाने ती घेतली. कुणी 'आपल्या मातीतली संस्था' म्हणून ठेव मागितली की मला हे प्रकरण हमखास आठवतं.

सांगली बँक आणि युनायटेड वेस्टर्नही तशाच गेल्या का?

नाही, उगाच एका माळेत ओवू नका. साताऱ्याची 1936 ची युनायटेड वेस्टर्न भांडवल अपुरं पडल्याने अडचणीत आली. सप्टेंबर 2006 मध्ये व्यवहार गोठवले गेले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआय बँकेत गेली. 1916 ची सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयने घेतली. ठेवी दोन्हीकडच्या शाबूत राहिल्या.

माझी ठेव किती सुरक्षित आहे?

बँकेत असेल तर 5 लाखांपर्यंत, तीही मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र धरून. ठेव विमा महामंडळाची ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे, आधी ती फक्त 1 लाख होती. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत.

कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2017 पासून निर्बंध होते, 7 डिसेंबर 2020 ला रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. आकडा दिलासा देणारा आहे. पण ती तीन वर्षं मोजा. मुलीचं लग्न, आजारपण, शाळेची फी, पैसे आपलेच आणि काढता येत नाहीत. आणि उरलेल्या एक टक्क्यात कोण येतं? ज्याने निवृत्तीचे सगळे पैसे एकाच खात्यात ठेवले तो मास्तर आणि ज्याची जमीन रस्त्यात गेली तो शेतकरी.

पतसंस्थेला हा विमा लागू आहे का?

नाही. पाटीवर 'मल्टिस्टेट' लिहिलेली पतसंस्था असली तरी नाही. व्याज दोन टक्के जास्त मिळतं ते याच जोखमीचं भाडं आहे, ती काही संस्थेची माया नव्हे. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव आहे म्हणून ठेव सुरक्षित, असं समजणारे शिकलेले लोकही भेटतात. मंत्री फीत कापतो, हमीपत्रावर सही करत नाही.

कडकनाथसारखी स्कीम आधीच कशी ओळखायची?

2019 मध्ये इस्लामपुरातून (आता ईश्वरपूर) बाहेर आलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण सगळ्यांना आठवतं. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी काळी पिल्लं, खाद्य, औषध देणार आणि अंडी-कोंबड्या चढ्या भावाने परत विकत घेणार. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळालेही. त्यांनीच पाहुण्यारावळ्यांना आणलं. मग खरेदी थांबली, खाद्य बंद झालं आणि शेडमध्ये भुकेली पाखरं एकमेकांना टोचून मरू लागली. सप्टेंबर 2019 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर सांगली जिल्ह्यात कोंबड्या आणि अंडी फेकली गेली. लोकांना राग नुसत्या कंपनीचा नव्हता. ती कुणाच्या सावलीत वाढली, हा त्यांचा सवाल होता. नेत्यांनी अर्थातच संबंध नाकारले.

अशा वेळी एकच प्रश्न पुरतो. हा माल बाजारात आज कोण, काय भावाने घेतोय? कंपनीशिवाय दुसरा गिऱ्हाईक नसेल तर तो धंदा नव्हे, पुढच्याच्या पैशाने मागच्याला भागवणं आहे. 'पर्ल्स' म्हणून गावोगाव माहीत असलेल्या पीएसीएलने जमिनीच्या नावाखाली देशभरातून 49,000 कोटींहून जास्त गोळा केले. परतफेडीसाठी न्यायमूर्ती लोढा समिती 2016 पासून बसलीय. कष्टकऱ्यांचे कागद अजून एजंटाच्या घरी सापडतात.

फसला असाल तर साध्या फसवणुकीच्या कलमावर थांबू नका. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावायचा आग्रह धरा. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त करून विकता येते. 2019 पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा केंद्राचाही कायदा आहे. पैसे भरायच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर नाव तपासायला पाच मिनिटं पुरतात.

मग खासगी कंपन्या तरी बऱ्या का? त्यांना शेअर बाजाराचे नियम असतात.

7 जानेवारी 2009 ला सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं, की ताळेबंदातले हजारो कोटी अस्तित्वातच नाहीत. लेखापरीक्षक मोठे, संचालक नामवंत, बक्षिसं मिळालेली. बस्स, एवढंच.

कंपन्या पक्षांना पैसे देतात ते कायदेशीर आहे का?

आहे, पण उजेडात. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. 2017 मध्ये ती मर्यादा काढली गेली, तोट्यातल्या कंपनीलाही दार उघडं झालं. जानेवारी 2018 पासून निवडणूक रोखे आले, देणारा कोण हे मतदाराला कळायचं नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले, मर्यादा काढणंही रद्द केलं, आणि मार्चमध्ये नावं बाहेर आली. त्यात कंत्राटदार कंपन्या होत्या, तपास यंत्रणांच्या धाडी पडलेल्याही होत्या.

जिल्ह्यात ते रोख्यांशिवायच चालतं. सभेला गाड्या कुणी पुरवल्या, मंडप कुणाचा, कारखान्याचे कामगार प्रचाराला कुणाच्या पगारावर आले, हे कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही.

कारखान्याची माहिती अधिकारात माहिती मिळते का?

थेट मिळणं कठीण. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदल्या म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं. पण त्याच निकालात वाटही आहे. निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मिळवता येते ती तुम्ही निबंधकाकडून मागू शकता. म्हणून अर्ज कारखान्याला नको. साखर सहसंचालक किंवा जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात करा, आणि 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. वर्ष आणि कागदाचं नाव लिहा. अमुक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोष दुरुस्ती अहवाल, एवढं पुरे.

सभासद असाल तर याहून सोपा रस्ता आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 32. पोटनियम, ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघायचा हक्क त्यात आहे. नाकारलं तर नकार लेखी मागा. गंभीर गोष्ट असेल तर कलम 83 खाली चौकशी, आणि नुकसान कुणी केलं हे ठरवून वसुलीसाठी कलम 88.

वार्षिक सभेत काय विचारावं? आमच्याकडे 'मंजूर, मंजूर' करून दहा मिनिटांत गुंडाळतात.

म्हणून प्रश्न सभेआधी लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, अहवाल त्याआधी हातात येतो. जाड, गुळगुळीत, पुढची दहा पानं फोटोंची. ती उलटा आणि शेवटाकडे जा. लेखापरीक्षकाचे शेरे तिथे बारीक अक्षरात असतात.

'इतर येणी' आणि 'अनामत' या दोन ओळींकडे बघा. तोडणी-वाहतुकीसाठी मुकादमांना (मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्यांना) दिलेली उचल वर्षानुवर्षं येणेबाकी दिसते का? खरोखर बुडवणारे मुकादम आहेतच, ट्रॅक्टरवाले त्यात देशोधडीला लागलेत. पण त्याच ओळीत बोगस करारही लपतात. कागदोपत्री टोळी असते, उचल दिलेली असते, ऊस तोडायला मात्र कुणी आलेलं नसतं. नावं मागा. मग मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) कुणाला, काय दराने विकलं, आणि त्याच महिन्यात शेजारच्या कारखान्याचा दर काय होता. पुढे तुमच्या बिलातून कापलेल्या ठेवी, परतीच्या किती, बिनपरतीच्या किती, त्यावर व्याज कधी दिलं. 2025-26 साठी मंत्री समितीने मुख्यमंत्री सहायता निधीला टनामागे 10 आणि पूरग्रस्तांसाठी 5 रुपये ठरवले तेव्हा हे कारखान्याच्या नफ्यातून की शेतकऱ्याच्या बिलातून, यावर गदारोळ झाला. तुमच्या कारखान्याने कुठल्या खात्यावर टाकले, तेही विचारा.

हे सगळं विचारलं तर माझा ऊस फडातच राहील. त्याचं काय?

ही भीती खरी आहे. पाळीपत्रकात (तोडणीच्या क्रमाच्या यादीत) नाव मागे जातं, चिटबॉय फोन उचलत नाही, टोळी आली तर खुशाली (वरचे पैसे) दुप्पट मागते. फेब्रुवारीनंतर वजन घटतं आणि तुरा आलेला ऊस बघून माणूस माफी मागायला गट ऑफिसात जातो. शिक्षेचा हा प्रकार कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नाही, म्हणून तो इतका चालतो.

झोनबंदी (ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती) उठून बरीच वर्षं झाली. ऊस दुसऱ्या कारखान्याला घालता येतो, आणि वाळवा, कराड, पलूस या पट्ट्यात कारखाने एकमेकांचा ऊस पळवायला टपलेलेच असतात. नोंद दोन ठिकाणी द्या. तक्रार एकट्याच्या नावाने करू नका. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असा वेगवेगळ्या लागणींचा ऊस असलेल्या लोकांनी मिळून सही करा, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांचा अडवता येत नाही. ज्याचा ऊस तुटून बिल जमा झालंय त्याचं नाव वर लिहा. लागणीची तारीख आणि नोंदीची पावती जोडली की पाळी डावलल्याचं दाखवता येतं.

अर्ज सांगलीकरांनी कोल्हापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे द्यायचा, सातारकरांनी पुण्याच्या, आणि प्रत साखर आयुक्तांना. टेबलावरचा माणूस पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर अर्ज तिथे ठेवू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती नोंदीच्या पावतीबरोबरच ठेवा.